पिकासातला संसार हलवताना

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालेली, चौसष्ट वर्षांची, राहणार सांगली. घरातल्या फोटोंचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. २००९ साली भाच्याने कम्प्युटरवर पिकासा, म्हणजे गूगलचं फोटो लावायचं फुकट सॉफ्टवेअर, टाकून दिलं, तेव्हापासून सगळे फोटो त्यातच लावत आले. चेहऱ्यांना नावं दिली, मुंजी-लग्नं-सहलींचे अल्बम केले, फोटोंखाली चार शब्द लिहिले. मोजले नाहीत, पण तीस-पस्तीस हजार फोटो सहज असतील. आता कम्प्युटर सुरू व्हायलाच पाव तास लावतो. पुण्याच्या मुलाने नवा लॅपटॉप आणून दिलाय, विंडोज ११ चा. तो म्हणतो, लाइटरूम घे, पैसे मी भरतो. भाची म्हणते, काहीच नको, सगळं गूगल फोटोजवर चढव. यजमान म्हणतात, पिकासाच टाक नव्यावर, उगाच नवं कशाला शिकतेस. मला फोटोग्राफर व्हायचं नाही. हवा तो फोटो सापडावा आणि सासूबाईंच्या ट्रंकेतले पिवळे-लाल पडलेले फोटो जरा बरे दिसावेत, एवढंच. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचा ढीग वेगळाच. २०१९ च्या पुरात तळमजल्यावर पाणी शिरलं होतं. अल्बम माळ्यावर होते म्हणून वाचले. तेव्हापासून धास्ती बसलीय. नेमकं काय घेऊ, आणि इतक्या वर्षांचं काम तिकडे कसं नेऊ? जुना कम्प्युटर भंगारात द्यायला घरचे टपलेले आहेत.

उत्तर : घरच्यांना आधी थोपवा. नवं सॉफ्टवेअर कोणतं, हा प्रश्न महिनाभर लांबला तरी काही बिघडणार नाही. पण जुना कम्प्युटर भंगारवाल्याच्या टेम्पोत चढला, की तुम्ही दिलेली नावं, लावलेले अल्बम, केलेल्या दुरुस्त्या यातलं बरंच काही त्याच्याबरोबर गेलं. फोटो तेवढे डिस्कवर उतरवून घेतले म्हणजे सगळं आलं, असं वाटतं. येत नाही. का, ते पुढे सांगतो.

तुम्ही सरळ विचारलंय, तेव्हा निकालही सरळ देतो. फोटो लावायला आणि शोधायला डिजिकॅम घ्या. फुकट आहे, विंडोजवर चालतं, फोटो तुमच्याच डिस्कवर राहतात. ट्रंकेतले फोटो सुधारायला जिंप, तेही फुकट. रोजची कापाकापी किंवा उजेड कमीजास्त करणं यासाठी विंडोजचं फोटोज नावाचं ॲप लॅपटॉपबरोबर आलेलंच आहे. दर महिन्याला पैसे भरावेत असं तुमच्या कामात काही नाही.

असली सॉफ्टवेअर निवडताना लोक विचारतात, यात काय काय करता येतं? मी आधी विचारतो, उद्या हे सोडायची पाळी आली तर माझं काम मला बरोबर नेता येईल का? भाड्याच्या घरात भिंतीत कपाटं करून घेतली, की घर सोडताना ती मालकाची होतात. पिकासाच्या बाबतीत हेच झालं. गूगलने ते २००४ मध्ये विकत घेतलं, जगभर फुकट वाटलं आणि मार्च २०१६ मध्ये गुंडाळलं. मायक्रोसॉफ्टच्या फोटो गॅलरीचा पाठिंबा जानेवारी २०१७ मध्ये संपला. ॲपलचं ॲपर्चर तर पैसे मोजून घ्यायचं, धंदेवाईक छायाचित्रकार त्यावर विसंबलेले. २०१४ मध्ये कंपनीने तेही थांबवत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे फुकटातलं बुडतं नि विकतचं टिकतं, असाही हिशेब नाही. सॉफ्टवेअर येतील नि जातील असं धरूनच चालायचं.

सुदैवाने यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. जेपीजी फोटोच्या फाइलमध्ये चित्राशिवाय थोडा मजकूरही मावतो. फोटो कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने काढला, हे कॅमेराच तिथं लिहितो. त्याच जागी आपल्याला माणसांची नावं, प्रसंग, गाव, चार ओळींची टीप असं काहीही लिहिता येतं, आणि देवनागरीतही. हे लिहायच्या पद्धती ठरलेल्या आहेत, त्यामुळे एका सॉफ्टवेअरने लिहिलेलं दुसरं वाचू शकतं. तुमची मेहनत फोटोच्या पोटात असेल तर सॉफ्टवेअर बदलायला एक संध्याकाळ पुरते. ती सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीत असेल तर मात्र बसा निस्तरत.

आता तुमचं काम पिकासाने कुठं ठेवलंय ते बघू. फोटोखाली लिहिलेले शब्द आणि टॅग (शोधायला सोपं जावं म्हणून फोटोला लावलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या), जेपीजी फोटो असतील तर, फोटोच्या फाइलमध्येच गेलेत. त्यांची काळजी नाही. चेहऱ्यांची नावं आणि तुम्ही केलेल्या दुरुस्त्या मात्र वेगळ्या ठिकाणी असतात. फोटोंच्या फोल्डरमध्ये पिकासा ‘.पिकासा.आयएनआय’ नावाची एक लपवलेली फाइल करून ठेवतं, तिच्यात. एखादा फोटो तुम्ही उजळ केला, कडा कापल्या आणि ‘सेव्ह’ न करता पुढे गेलात, तर मूळ फोटोला हातही लागलेला नसतो. पिकासा दर वेळी त्या लपवलेल्या फाइलमधल्या सूचना वाचून तुम्हाला सुधारलेला फोटो दाखवतं. दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये तोच फोटो उघडा, पुन्हा जसाच्या तसा काळवंडलेला. अल्बमचंही तसंच. पिकासातला अल्बम म्हणजे नुसती यादी. डिस्कवर त्या नावाचं फोल्डर शोधलंत तर सापडणार नाही.

तेव्हा जुन्या कम्प्युटरवर बसून ही आवराआवर करावी लागेल. मांडी ठोकून बसायचं काम आहे, पण अवघड नाही. सुरू करण्याआधी इंटरनेटची वायर काढून ठेवा. इतका जुना कम्प्युटर आहे म्हणजे विंडोज ७ किंवा १० असणार. ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं जानेवारी २०२० मध्ये थांबलं, १० चा नियमित पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. पिकासाला या कामासाठी इंटरनेट लागत नाहीच.

मग एक टीबीची बाहेरून लावायची हार्ड डिस्क आणा आणि फोटोंचं सगळं फोल्डर, आहे तसं, काहीही न आवरता तिच्यावर कॉपी करा. ही प्रत तशीच ठेवायची, तिला हात लावायचा नाही. पुढे काही चुकलं तर माघारी यायची वाट तीच.

यानंतर पिकासात एखादं छोटंसं फोल्डर निवडा, एखाद्या बारशाचं वगैरे. फोल्डरच्या नावापाशी डिस्कच्या चित्राचं बटण असतं. ते दाबलं की त्या फोल्डरमधल्या दुरुस्त्या फोटोंवर खरोखर उतरतात आणि मूळ फोटो आतच एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जपून ठेवले जातात. चेहऱ्यांसाठी ‘टूल्स’ मेनूत ‘एक्सपेरिमेंटल’ आणि त्यात ‘राइट फेसेस टू एक्सएमपी’ असा पर्याय पिकासाच्या ३.९ या शेवटच्या आवृत्तीत आहे. नाव बघून घाबरू नका. तुम्ही दिलेली नावं, चेहऱ्याभोवतीच्या चौकटीसकट, फोटोच्या फाइलमध्ये लिहायचं काम तो करतो. राहिले अल्बम. एकेक अल्बम उघडून सगळे फोटो निवडा, कंट्रोल आणि टी दाबा आणि अल्बमचं नावच टॅग म्हणून द्या. अल्बम इथंच राहील, टॅग फोटोबरोबर जाईल.

एवढं त्या एकाच फोल्डरवर करून ते लॅपटॉपवर न्या. डिजिकॅममध्ये उघडून नावं, टॅग, दुरुस्त्या दिसतायत का बघा. दिसल्या, तरच बाकीच्या फोल्डरांकडे वळा. पस्तीस हजार फोटोंवर एकदम बटण दाबून झोपायला जाऊ नका.

यजमानांचं म्हणणं तसं अगदीच टाकाऊ नाही. विंडोज ११ वर पिकासा बऱ्याचदा चालतंही. पण गूगल ते आता देत नाही, म्हणजे कुठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून उतरवून घ्यावं लागणार आणि बरोबर काय येईल सांगता येत नाही. दुसरं, आयफोन २०१७ पासून फोटो हाइक नावाच्या प्रकारात ठेवतो. पिकासा त्याच्या आधीच बंद पडलेलं, त्याला तो प्रकार ठाऊकच नाही. मुलाकडे किंवा सुनेकडे आयफोन असेल तर त्यांचे फोटो तुम्हाला दिसायचेच नाहीत. बंद पडलेल्या घड्याळाला नवा पट्टा लावून काय उपयोग, असं यजमानांना सांगून बघा. ऐकतील की नाही, ते तुम्हाला जास्त ठाऊक.

लाइटरूम उत्तम आहे, यात वाद नाही. कॅमेऱ्यातून ‘रॉ’ म्हणजे प्रक्रिया न झालेले फोटो काढणारा, एका लग्नात दोन हजार फोटो काढून त्यातले दोनशे निवडणारा माणूस असेल तर मीही तेच घे म्हणेन. तुमचे फोटो फोनचे आणि जुन्या छोट्या कॅमेऱ्याचे. लाइटरूमच्या निम्म्या बटणांना तुमचा हात लागणार नाही. दरमहाचे पैसे भरणं थांबलं तर फोटो जात नाहीत. लाइटरूम क्लासिकमध्ये ते बघताही येतात, पण सुधारणा करायचा विभाग बंद होतो. आज मुलगा हौसेने भरेल. पाच वर्षांनी त्याचं कार्ड बदलेल, कोणाच्या लक्षात राहणार नाही, आणि नेमकं तुमचं काम अडेल. एकदाच पैसे भरायचे म्हणून लोक लाइटरूमवाल्या ॲडोबी कंपनीचंच फोटोशॉप एलिमेंट्स सुचवतात. २०२५ च्या आवृत्तीपासून त्याचा परवानाही तीनच वर्षांचा झालाय.

गूगल फोटोज हे वेगळं प्रकरण आहे, कारण शोधण्याच्या बाबतीत त्याच्या तोडीचं घरगुती सॉफ्टवेअर नाही. कोणाचाही चेहरा दाबा, त्या माणसाचे सगळे फोटो हजर. भाचीला ते आवडतं यात नवल नाही. अडचण जागेची आहे. १ जून २०२१ पासून फोटोंसाठी अमर्याद फुकट जागा बंद झाली. १५ जीबी फुकट मिळते आणि त्यातच तुमची ईमेल आणि ड्राइव्हवरच्या फाइलीही बसतात. एक फोटो चार एमबीचा धरला तर १५ जीबीत पावणेचार हजारांच्या आसपास फोटो मावतील. तुमचे पस्तीस हजार म्हणजे १४० जीबी झाले, व्हिडिओ सोडून. म्हणजे पुन्हा दरमहा किंवा दरवर्षी पैसे आलेच. शिवाय दोन वर्षं खातं वापरात नसेल तर ते काढून टाकायची मुभा गूगलने स्वतःकडे ठेवलीय. आणि तिथून सगळं परत घ्यायचं म्हटलं, की तिथं लिहिलेली वर्णनं फोटोंत न येता शेजारी वेगळ्या फाइलींत येतात. ती पुन्हा जुळवत बसायची. नातीचे फोटो पुण्याला-सांगलीला सगळ्यांना दिसावेत म्हणून निवडक हजारभर फोटो तिथं जरूर ठेवा. घरचा मूळ साठा नको.

आता डिजिकॅम. पहिल्यांदा उघडलं की ते काही प्रश्न विचारतं. फोटो कुठं आहेत याला तुमचं फोल्डर दाखवा. माहिती फोटोंच्या फाइलमध्ये लिहायची का, असंही विचारेल. तिथं ‘ॲड इन्फर्मेशन टू फाइल्स’ हाच पर्याय निवडा. या एका टिचकीवर सगळं उभं आहे. नाहीतर डिजिकॅमही आपल्या वहीत लिहीत बसेल आणि तुम्ही पिकासातून निघून पुन्हा तिथंच पोचाल. नंतर सेटिंग्जमध्ये मेटाडेटाच्या, म्हणजे फोटोत लिहायच्या माहितीच्या, भागात जाऊन चेहऱ्यांची नावं लिहायची खूण केलेली आहे ना, तेही बघून घ्या. चेहरे ओळखण्यासाठी लागणाऱ्या काही फाइली ते इंटरनेटवरून उतरवून घेतं, म्हणून पहिल्या वेळी वायफाय असू द्या. चेहरे ओळखायचं काम मात्र तुमच्याच लॅपटॉपवर होतं. घरच्यांचे चेहरे कोणाकडे पाठवले जात नाहीत. एवढे फोटो चाळायला ते बराच वेळ घेईल. रात्री चार्जर लावून सोडून द्या.

दिसायला डिजिकॅम पिकासाइतकं गोड नाही. बटणांची गर्दी आहे, पहिले दोन दिवस तुम्ही मला शिव्या द्याल. डावीकडच्या अल्बम, टॅग, माणसं आणि काळ या चार खुणांपलीकडे सुरुवातीला बघूच नका. आणि पिकासापेक्षा इथं एक मोठा फरक आहे. डिजिकॅममधला अल्बम म्हणजे डिस्कवरचं खरंखुरं फोल्डर. तिथं अल्बम पुसला तर फोटोच पुसले जातात. एकच फोटो दोन प्रसंगांत हवा असेल तर त्याची दुसरी प्रत करू नका, दोन टॅग द्या.

फोल्डरांची नावं आधी साल, मग महिना, मग प्रसंग अशी ठेवा : ‘२०१४-०५ मुंज मिरज’. कम्प्युटरवर आकडे इंग्रजीच टाका. काही फोल्डरांवर मराठी आणि काहींवर इंग्रजी आकडे असले की क्रम बिघडू शकतो. वर्षाच्या आत याहून जास्त खोल जाऊ नका. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर अशी उतरंड कोणी सांभाळत नाही.

नावांबद्दल मात्र मी थोडा हट्टी आहे. ‘आजी’ असा टॅग देऊ नका. तुमच्यासाठी ज्या आजी आहेत त्या नातीच्या लेखी खापरपणजी, आणि नातीची आजी म्हणजे तुम्ही. वीस वर्षांनी ती फोटो शोधायला बसेल तेव्हा ‘आजी’ म्हटल्यावर तीन बायका समोर येतील. पूर्ण नाव लिहा. बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. आपल्याकडे लग्नात आडनाव तर बदलायचंच, कित्येकींचं पाळण्यातलं नावही बदललेलं. शाळेच्या ग्रुप फोटोतली मुलगी आणि लग्नाच्या फोटोतली नवरी एकच, हे आज घरात दोघा-तिघांनाच माहीत असतं. घरातली हाक, म्हणजे अक्का, बाई, माई, ती फोटोखालच्या टिपेत लिहा. स्पेलिंगचंही एकदा ठरवून टाका. एकच माणूस मराठीत, इंग्रजीत आणि आणखी कुठल्या तिसऱ्या प्रकारे लिहिलात तर कम्प्युटरच्या लेखी ती तीन माणसं. आणि सॉफ्टवेअर चेहरा ओळखतं म्हणजे सूचना करतं. सख्ख्या बहिणी, मायलेकी यांच्यात ते हमखास गोंधळतं. लहानपणचा फोटो आणि आजचा फोटो जुळवणं तर विसराच, ते तुमचंच काम. ट्रंकेतल्या फोटोंतली माणसं ज्यांना ओळखू येतात त्यांना लॅपटॉपसमोर बसवा, बाकी सगळी कामं त्यानंतर. सॉफ्टवेअर पुढच्या वर्षीही मिळेल.

व्हॉट्सॲपच्या ढिगाला फार भाव देऊ नका. तिथून येणारा फोटो दाबून लहान केलेला असतो आणि कधी काढला वगैरे माहिती काढून टाकलेली असते. फाइलच्या नावात तारीख दिसते ती फोटो फोनवर आला त्या दिवसाची. १९८५ चा फोटो कोणी काल पाठवला तर नाव कालचं. त्यामुळे हे फोटो कॅमेऱ्याच्या फोटोंत मिसळू नका. वेगळ्या फोल्डरात ठेवा, त्यातले शुभ सकाळ, एकादशी आणि वाढदिवसाचे केक आधी काढून टाका. ढीग निम्म्यावर येईल. उरलेल्यांतून खरोखर ठेवण्याजोगे निवडा आणि डिजिकॅमच्या ‘आयटम’ मेनूतून तारीख दुरुस्त करा. नक्की तारीख माहीत नसेल तर त्या वर्षीची १ जानेवारी टाका आणि ‘तारीख अंदाजे’ असा टॅग द्या, म्हणजे पुढे कोणी ती खरी समजणार नाही. यापुढे लग्नकार्याचे फोटो कोणाकडून मागताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा. तसे पाठवलेले फोटो मूळ आकारात, माहितीसकट येतात. एकच फोटो चारचार वेळा असेल तर सारखे फोटो शोधायची सोय डिजिकॅममध्ये आहे. पण काहीही पुसण्याआधी ती पहिली हार्ड डिस्क जागेवर आहे ना, हे बघा.

पुराची धास्ती रास्त आहे आणि सॉफ्टवेअर त्याला पुरं पडणार नाही. सांगलीने २०१९ नंतर २०२१ लाही पाणी बघितलं. एक डिस्क घरात, दुसरी पुण्याला मुलाकडे. दिवाळीत तो आला की अदलाबदल : तुमच्याकडची ताजी त्याच्याकडे जाईल, त्याच्याकडची तुमच्याकडे येईल आणि तुम्ही तिच्यावर नवे फोटो चढवाल. मुलाला लाइटरूमचे पैसे भरायचेच होते, त्यांतून या डिस्क येतील. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. कायम लॅपटॉपला लटकलेल्या डिस्कला व्हायरस आला तर तोही लागतो आणि विजेचा झटका आला तर तोही. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, साठवायला नको. कपाटात महिनोन्‌महिने पडून राहायची असेल तर एसएसडीपेक्षा साधी फिरती हार्ड डिस्क घ्या, स्वस्तही पडते.

राहिली सासूबाईंची ट्रंक. साधा फ्लॅटबेड (काचेवर फोटो पालथा ठेवायचा) स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करा. चार बाय सहा इंची फोटोतून साडेआठ मेगापिक्सेलचं चित्र मिळतं, पुन्हा प्रिंट काढायला भरपूर. कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत म्हणूनच स्कॅन करा, कारण पुढे सांगतो. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का किंवा कोणाचं अक्षर असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. अल्बमच्या चिकट पानांना फोटो घट्ट बसले असतील तर ओढू नका, फाटतील. पानासकट स्कॅन करा, किंवा खिडकीजवळ, ऊन थेट पडत नाही अशा उजेडात, फोन अगदी समांतर धरून फोटो काढा. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोचंही तेच.

पिवळ्या पडलेल्या कृष्णधवल फोटोंसाठी जिंपमध्ये एक साधी युक्ती आहे. स्टुडिओत हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, नीट धुतला गेला नसेल तर वर्षांनी पिवळट डाग उमटतात. रंगीत स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात. पिवळा डाग निळ्या थरात सगळ्यात गडद उमटतो, लाल थरात जवळजवळ दिसतच नाही. म्हणून ‘कलर्स’, त्यात ‘डिसॅच्युरेट’, त्यात ‘मोनो मिक्सर’ उघडा. लाल एकवर, हिरवा आणि निळा शून्यावर आणा. फोटो कृष्णधवल होतो आणि डाग बहुतेक नाहीसा होतो. म्हणून रंगीत स्कॅन. १९७०-८० च्या दशकांतले रंगीत फोटो लालसर झालेत ते बंद ट्रंकेतही निळसर छटेचं रंगद्रव्य बाकीच्यांच्या आधी उडालं म्हणून. तिथं ‘कलर्स’मधल्या ‘ऑटो’त ‘व्हाइट बॅलन्स’ आधी करून बघा. बऱ्याच फोटोंचं काम तेवढ्यात भागतं. घड्या आणि ओरखडे ‘हीलिंग’ ब्रशने निघतात, फक्त सावकाश. सुधारलेला फोटो नेहमी वेगळ्या नावाने ठेवा, मूळ स्कॅनवर सेव्ह करू नका. एका बटणात जुना फोटो लख्ख करून देणारी एआयची ॲप आलीत, त्यांच्यापासून जरा जपून. पुसट चेहऱ्यात जे दिसत नाही ते ती मनाने भरतात, आणि सासऱ्यांच्या चेहऱ्यावर भलत्याच कोणाचे डोळे येतात.

ट्रंकेत निगेटिव्ह सापडल्या तर फोटोंआधी त्या बाजूला काढा. निगेटिव्हमध्ये प्रिंटपेक्षा जास्त बारकावा असतो. साध्या स्कॅनरवर त्या होत नाहीत, वरून प्रकाश देणारा स्कॅनर लागतो. सांगली-कोल्हापूरकडच्या जुन्या स्टुडिओंत विचारा. २४०० डीपीआय सांगा, फाइली टिफ (दर्जा न घटवता साठवायच्या) प्रकारात मागा, व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाले तर नको म्हणा आणि आपला पेन ड्राइव्ह द्या. द्यायच्या आधी पट्ट्या मोजून कागदावर लिहून घ्या, आणि परत घेताना दुकानातच पुन्हा मोजा.